गप्प पोरीचं कौतुक

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. लग्न होऊन कृष्णाकाठच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासरे बाहेरच्या सोप्यातून म्हणाले होते, "विजयमाला, आमी बहिरी न्हाई गं बाय." आमच्या भागात सुनेचा आवाज चुलीपासून सोप्यापर्यंतसुद्धा जाऊ नये अशी रीत. सासू विचारील तेवढ्याला मान हलवावी, फार तर "व्हय" म्हणावं. माझं सासर त्या बाबतीत सोशिक निघालं. त्यांनी पुष्कळ वाट पाहिली, आणि मी काही हळू होत नाही असं दिसल्यावर सासऱ्यांनीच पंचायतीत शब्द टाकून मला बालवाडी मिळवून दिली. "हिचा आवाज पोरांच्या तरी कामी यिऊ दे," म्हणाले.

बालवाडी भरायची सोसायटीच्या गोदामात. अर्ध्या भागात माझी पोरं, अर्ध्या भागात खताची पोती आणि मधे एक बांबूचा तट्ट्या. खताच्या वासानं डोळे चुरचुरायचे, पण पोरांना त्याचं काही नव्हतं. मी गाणी म्हणवून घ्यायला लागले की उसाला पाणी पाजणारी माणसं बांधावरून विचारायची, "बाई, आज वाघ न्हाई आला व्हय गाण्यात?"

त्या पोरांत शालन होती. आकारामची मुलगी. आकाराम फौजेत, तोफखान्यात नाईक. वर्षाकाठी सुट्टीवर यायचा तेवढाच. घरी त्याची आई येसूबाई, बायको बना आणि ही चार वर्षांची पोर. शालन रोज सगळ्यांच्या आधी येऊन माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. रडणं नाही, भांडणं नाही, बडबड तर नाहीच. बाकीची पोरं उठली की उठायची, बसली की बसायची. गाण्यातले हातवारे तर असे झोकात करायची की पंचायतीची माणसं बघायला आली तेव्हा मी तिलाच पुढं उभी केली. तोंडातून शब्द फुटायचे ते मोजकेच आणि तेही बोबडे, पण तिकडं कोण बघतो? पोरगी गप्प असली की आमच्याकडं तिचं कौतुकच होतं. "पोर असावी तर अशी," असं गावात ज्याच्या त्याच्या तोंडी. येसूबाईची तर मान ताठ व्हायची. "आमच्या घरचं वळण हाय बाई," ती म्हणायची. "माजी सून बगा, तोंडात जीभ हाय का न्हाई कळायचं न्हाई."

सून तशीच होती खरी. बना शालनला सोडायला यायची, दारात उभी राहून काहीतरी सांगायची, आणि मी दोनदा "काय?" म्हटल्यावर लाजून निघून जायची.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला शिकवलं नव्हतं का? शिकवलं होतं की! साताऱ्याला आमचं शिबिर झालं होतं. खरूज कशी ओळखावी, डोक्यातल्या उवा कशा काढाव्यात, संध्याकाळी पोर ठेचकाळत असेल तर त्याला रातांधळेपणा असेल, हे सगळं सांगितलं. कानांचं नाव एकदाच निघालं. पोरांचे कान पिळू नका, असं बजावलं होतं.

सत्त्याहत्तर सालचा जानेवारी. थंडी अशी पडली की माझा घसा पार बसला. गावाला हा मोठाच चमत्कार वाटला. पोरांना माझा खोकला लागू नये म्हणून मी तोंडावरून पदर घट्ट गुंडाळून घेतला आणि कुजबुजत शिकवायला लागले. पोरांना गंमत वाटली. बाई कुजबुजते म्हणून तीही कुजबुजायला लागली, आणि सगळी मला येऊन चिकटली.

शालन तेवढी चिकटली नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग हात लांबवून तिनं माझा पदर खाली ओढला. मला वाटलं, खेळतेय. मी पदर परत वर घेतला. तिनं परत ओढला. मी तिचा हात बाजूला केला, तशी ती गुणाची, गप्प पोर जमिनीवर बसून असं भोकाड पसरून रडली की पोरं घाबरून बाजूला झाली. तसं रडणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते रागाचं नव्हतं. घर सापडेना झालेल्या पोराचं ते रडणं होतं.

तिला मांडीवर घेऊन बसले आणि माझं डोकं चालायला लागलं. इतके दिवस मी हिच्या डोक्यावर ओरडत होते म्हणून हिला काही कानावर पडत होतं. उरलेलं ती माझ्या ओठांवरून आणि बाकीच्या पोरांवरून उचलत होती. आज आवाजही गेला आणि ओठही झाकले. आता हिनं काय करावं?

पण नुसत्या तर्कावर कुणाच्या पोरीला नाव ठेवायचं नाही, एवढं मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सुकडी वाटायची वेळ झाली. पोरं रांगेनं बसली होती. मी त्यांच्या पाठीमागं गेले आणि हळूच म्हणाले, "ज्याला सुकडी पायजे त्यानं हात वर करा." सगळे हात वर गेले. शालनचा हातही गेला, पण कसा? तिनं आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, आणि मग हात वर केला. मग मी तिला सगळ्यांच्या पुढं, भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि मागून परत तेच म्हटलं. मागं हातांचं रान उठलं. शालन भिंतीवरच्या पोपड्याकडं बघत शांत बसली होती. सुकडी तिला सगळ्यात जास्त आवडायची. मला इतकं वाईट वाटलं की मी तो डबाच तिच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

पुढं नर्सबाई टोचायला आल्या, भामाबाई त्यांचं नाव. त्यांना मी शालन दाखवली. त्यांनी तिच्या कानाला नाक लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"कान वाहतोय हिचा."

"अर्ध्या गावाच्या पोरांचा वाहतोय," मी म्हणाले. आमच्याकडं कान वाहणं म्हणजे शेंबूड येण्याइतकं साधं. लसणीचं तेल कोमट करून घालायचं आणि कापसाचा बोळा लावायचा.

"तेच चुकतंय," भामाबाई म्हणाल्या. "मिरजेला कानाचे डॉक्टर आहेत. ऐकू किती येतं ते मोजायचं यंत्र आहे त्यांच्याकडं. लवकर न्यायला सांगा. बोलायचं वय निघून गेलं ना, की मग कानाला ऐकायचं यंत्र देऊनही पोराला बोलणं फार अवघड जातं."

झालं! त्या दिवशी संध्याकाळी मी येसूबाईच्या दारात. घसा तोवर सुटला होता, हे माझं दुर्दैव. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी अंगणातूनच म्हणाले, "मावशी, शालनला ऐकू येत न्हाई. मिरजंला न्यायला लागतंय."

येसूबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. "कुणाला ऐकू येत न्हाई?"

"तुमच्या नातीला."

"आगं, कारखान्याचा भोंगा झाला की पोर हात करून दावती! दारात हलगी वाजली की नाचती. आन् बहिरी? कुणी सांगिटलं तुला?"

"भोंगा ऐकू येतोय, मावशी. बोलणं न्हाई येत. भोंगा काय कुणी हळू वाजवतंय व्हय?"

"ह्या घरात पोरं उशिरानंच बोलत्यात. हिचा बा बी उशिरा बोलला. आन् आता बग त्येचा आवाज, शिवंपतुर जातोय!" मग ती उठून उभी राहिली. "बाई, तू गावातल्या पोरीवर बट्टा लावाय निगालीस. उद्या हिचं लगीन करायचं हाय आमाला. उद्यापास्नं पोर यायची न्हाई तुज्या गोदामात."

मीही गप्प बसले नाही. चार घरं बाहेर येतील इतकी बोलले आणि त्यानं काम आणखीच बिघडलं. बना चुलीपाशी, दाराआड उभी होती. तिनं माझ्याकडं बघून काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं नाही. सासूनं वळून बघितलं आणि ती आत गेली.

शालन यायची बंद झाली. मला घरी स्वस्थ बसवेना. गाणी म्हणताना गुडघ्यापाशी रिकामं रिकामं वाटायचं. येसूबाईच्या घरातून पोरीला बाहेर काढायचं तर एकाच माणसाचा शब्द चालणार होता. तो सुट्टीवर येईल तेव्हाच. आणि तो परत गेला की वर्षभर कुणी तिला मिरजेला नेणार नव्हतं. पोर पाचवं ओलांडणार, आणि भामाबाईंचे शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हते.

फेब्रुवारीत आकाराम उसाच्या लागणीसाठी आला. मी निरोप धाडायच्या आतच तो गोदामात हजर. अंगात खाकी स्वेटर, पायात बूट, चेहऱ्यावर लढाई. पोरं जागच्या जागी चिडीचूप झाली.

"बाई!" तो म्हणाला, आणि तट्ट्या हलला असं मला वाटलं. "माज्या पोरीला बहिरी म्हणून गावभर सांगताय म्हणं तुमी?"

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या आवाजाच्या तोडीचा माणूस भेटला. मी समजावून सांगायला लागले. सुकडीचं सांगितलं, पदराचं सांगितलं, वाहत्या कानाचं सांगितलं. तो ऐकत होता; पण त्याची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. भुवया जराशा ताणलेल्या, मान किंचित डावीकडं. तसं बघणारं एक माणूस मला ठाऊक होतं, आणि ते चार वर्षांचं होतं.

सुकडीच्या डब्याचं झाकण लावायचं निमित्त करून मी त्याच्या मागं गेले. आणि मला जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाले, "आकारामभाऊ, तुमच्या पाठीवर इंगळी हाय."

पोरांनी एकच कालवा केला. विंचवाच्या भीतीनं कोण पोत्यांवर चढलं, कोण दाराकडं पळालं. एकटा आकाराम मधे उभा, या पोरांना अचानक काय झालं म्हणून बघत. पाठीकडं त्याचा हातसुद्धा गेला नाही.

इंगळी गेली असं पोरांना सांगून मी त्यांना बाहेर लिंबाखाली खेळायला धाडलं. मग त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिले. "भाऊ, तुमाला बी ऐकू येत न्हाई."

तोंडावरचा रंग कसा उतरतो ते मी त्या दिवशी बघितलं. तो आधी दाराकडं गेला, बाहेर कुणी आहे का बघितलं, आणि खताच्या पोत्यावर येऊन बसला.

"हळू बोला बाई," तो म्हणाला. आणि स्वतःच जरा हसला. "म्हंजे हळू नगं. पर बाहीर जाऊ दिऊ नगा."

मग त्यानं सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत दिवसरात्र तोफेपाशी होता. एका पहाटे कानात शिट्टी सुरू झाली ती थांबली तेव्हा सगळं जग लांब गेल्यासारखं झालं होतं. तेव्हापासून लपवून चालवलं होतं. जोतीराम म्हणून पलीकडच्या गावचा दोस्त त्याच्याच पलटणीत होता. हुकूम झाला की तो कोपरानं ढोसायचा.

"हवालदारीसाटी नाव लागलंय माजं," तो म्हणाला. "डाक्टरच्या बोर्डाफुडं उभं केलं तर गेलं सगळं."

"आन् घरात?"

"घरात काय? आई वरडती, ती ऐकू येती. बायको तर काय बोलतच न्हाई. गुणाची हाय बिचारी."

मी कपाळावर हात मारून घेणार होते. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. टोपी हातात घेऊन तो तिच्या कडा चिमटत होता.

"शालनचं मला कवाच कळलंय, बाई. मागल्या सुट्टीला आलो तवाच कळलं. माज्यासारखीच तोंडाकडं बघती ती. लढाईनंतर लगीन झालं आन् मग ती झाली न्हवं? माजंच तिच्यात उतरलं. आता डाक्टरनं तसं तोंडावर सांगिटलं तर मी त्या पोरीकडं कसा बगू?"

भलामोठा माणूस, हातानं डोळे पुसत बसलेला. मला त्याची दया आली आणि संतापही आला. दोन्ही एकदम आलं की मला बोलायचं भान राहत नाही.

"उतरलं का न्हाई ते मला म्हाईत न्हाई," मी म्हणाले. "मी काय डाक्टर न्हवं. पर तुमाला निदान बोलता येत हुतं, मग कान गेलं. तिनं अजून काय ऐकल्यालंच न्हाई, तर ती बोलणार काय? तुमी लाजताय, आन् पोर मुकी राहतीया. तुमाला कोपरानं ढोसायला दोस्त तरी हाय. तिला कोण हाय?"

बाहेर पोरं इंगळी-इंगळी खेळत होती.

"शुक्रवारी मला निगायचं हाय," तो शेवटी म्हणाला. "बुधवारी जाऊ. तुमी बी चला. डाक्टर काय बोलतोय त्ये मला सगळं कळंल असं न्हाई."

येसूबाईनं आकांडतांडव केलं. पण आकारामचा आवाज शिवेपर्यंत जातो असं तीच म्हणाली होती. त्याचं "जायाचं म्हंजे जायाचं!" हे सगळ्या आळीनं ऐकलं आणि विषय मिटला. बुधवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही चौघं मिरजेला गेलो. शालन खिडकीशी, बना तिच्याशेजारी. बनानं वाटेत दोनदा नवऱ्याला काहीतरी विचारलं. तो बाहेर बघत राहिला. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही. मला ठाऊक असलेली गोष्ट तिला ठाऊक नव्हती, आणि ती मी सांगायची नव्हती. माझ्यासारखीला एवढं गप्प बसणं किती जड गेलं ते माझं मला माहीत.

डॉक्टर वयस्क होते, चष्मा नाकावर. त्यांनी आधी शालनचे कान साफ केले, बारक्या दिव्यानं आत बघितलं, मग आम्हाला एका लहानशा खोलीत नेलं. भिंतींना जाड कापड, एक खुर्ची, एक यंत्र. यंत्राला कानावर घालायचे दोन काळे गोळे. आवाज आला की टेबलावरचा एक चिंचोका वाटीत टाकायचा, असा खेळ होता. शालननं ते काळे गोळे बघितले आणि आईच्या पदरात शिरली. डॉक्टरांनी गोडीनं सांगून बघितलं, मी ओरडून समजावलं, बनानं धरून बसवलं. तिनं लाथा झाडल्या, चिंचोके खोलीभर उडाले.

"आज नाही जमलं तर पुढच्या महिन्यात आणा," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या महिन्यात कोण आणणार होतं? मी आकारामकडं बघितलं. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला कळलं होतं. तो क्षणभर त्या खुर्चीकडं बघत उभा राहिला. मग टोपी काढून बनाच्या हातात दिली, खुर्चीत बसला आणि ते काळे गोळे स्वतःच्या कानांवर चढवले.

"शालन," तो म्हणाला, "हिकडं बग. बा करतोय."

डॉक्टरांनी बटण दाबलं. आकारामनं एक चिंचोका उचलून वाटीत टाकला आणि डोळे मोठे करून हसला. परत एकदा. शालन पदरातून बाहेर आली. तिसरा चिंचोका त्यानं उचलला आणि हात तसाच राहिला. डॉक्टरांनी बटण फिरवलं, आणखी फिरवलं. खोलीत इतकी शांतता होती की त्या यंत्रातली बारीक पिपाणी त्याच्या कानांवरच्या गोळ्यांतून बाहेर झिरपत होती. मला भिंतीपाशी ऐकू येत होती. बनालाही येत होती. कारण तिनं माझं मनगट धरलं आणि पकड घट्ट करतच गेली. आकाराम चिंचोका धरून बसला होता, आवाजाची वाट बघत.

डॉक्टरांनी एकदा चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. मग बटण मागं फिरवलं. आकारामनं गोळे काढले आणि लेकीच्या कानांवर ठेवले. आता तिला बा करतो ते करायचंच होतं. ती खुर्चीत ताठ बसली, आणि आवाज आला तसा चिंचोका वाटीत टाकून बापाकडं बघून हसली.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. दोन्ही कानांचे पडदे फाटले होते, आतली नसही थोडी अधू होती. लहानपणी गोवर आला होता का, कान फुटला होता का, असं त्यांनी विचारलं. दोन्ही झालं होतं. तेल घालायचं बंद, औषधानं कान आधी कोरडे करायचे, मग ऐकायचं यंत्र लावायचं. "ही बोलेल," ते म्हणाले. "वेळेवर आणलीत. मेहनत करावी लागेल, पण बोलेल."

मी ते सगळं आकारामच्या तोंडासमोर परत सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण अडकला होता वेगळ्याच गोष्टीत. "माज्यावरनं न्हाई गेलं?" त्यानं विचारलं.

डॉक्टर उठून त्याच्यासमोर आले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तोफेचा आवाज रक्तात उतरत नाही. तुमचा आजार वेगळा, हिचा वेगळा. तुमचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण लपवून कान सुधारत नाहीत."

आकारामनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. शालन त्याच्या बुटाची नाडी सोडत होती.

"आता एक महत्त्वाचं," डॉक्टर म्हणाले. "यंत्र येईपर्यंत आणि आल्यावरही हिच्याशी दिवसभर बोलायचं. जवळून, समोरून, मोठ्यानं. पाणी देताना, जेवू घालताना, सतत. घरात हिच्याजवळ सगळ्यात जास्त कोण असतं?"

बनाचे ओठ हलले.

"काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती," मी म्हणाले. "आई."

बाहेरच्या आवारात चिंचेचं झाड होतं. गाडीला अवकाश होता म्हणून तिथं पारावर टेकलो. एका म्हाताऱ्याची शेळी बांधली होती, शालन आमच्याकडं पाठ करून तिला पाला चारत बसली. आकाराम औषधाच्या बाटल्या पिशवीत ठेवत होता. बनाचा हातात धरलेल्या टोपीवर बोटं फिरवायचा चाळा चालू होता. मग ती काहीतरी म्हणाली. आकाराम पिशवीत बघत राहिला.

ती उठली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आणि बनाच्या तोंडातून आवाज निघाला. इतकी वर्षं कुठं ठेवला होता कोण जाणे. जाडाभरडा, जरा घोगरा आणि माझ्या आवाजालाही मागं टाकील असा.

"मला का सांगिटलं न्हाई?"

आकारामच्या हातातली बाटली निसटता निसटता राहिली.

"दर सुट्टीला बोलत हुते मी तुमच्यासंगं! रोज! तुमी तोंड फिरवून बसायचा. मला वाटलं, मी आवडत न्हाई तुमास्नी. लगीन झाल्यापास्नं मी ह्येच धरून बसलीया! आत्याबाई म्हणायच्या, हळू बोल, आन् मी हळू बोलत ऱ्हायले, आन् तुमास्नी ऐकूच येत न्हवतं! एकदा तरी म्हणायचं हुतं, बना, मोठ्यानं बोल म्हणून!"

आवारातली माणसं माना वळवून बघायला लागली. आकारामला एकही शब्द चुकला नव्हता. तो तोंड उघडं टाकून बघत होता, आणि त्याच्या गालावरून पाणी चाललं होतं. मी मधे पडले नाही. मधे पडायचं काही नव्हतंच.

तेवढ्यात शालनच्या हातातला पाला खाली पडला. ती वळली. आधी तिनं माझ्याकडं बघितलं, कारण मोठा आवाज म्हणजे बाईंचा, एवढं तिला ठाऊक. माझं तोंड मिटलेलं होतं. मग तिनं बापाकडं बघितलं. तोही गप्प. तिच्या कपाळावर आठी पडली. कुणाचा आवाज हा? ती आमच्यातल्या एकेकाचं तोंड बघत पुढं आली, आणि आईसमोर येऊन थांबली.

बना बोलायची थांबली होती. मला भीती वाटली की ही आता परत पदर तोंडाशी धरणार. तिनं खाली बसून पोरीच्या तोंडासमोर तोंड आणलं.

"मी हाय गं शालन," ती म्हणाली, तेवढ्याच मोठ्यानं. "मी. तुजी आई बोलतीया."